स्कोलास्टिकाच्या अंगणातल्या कुदळी

शनिवारी दुपारी साडेतीनच्या सुमाराला पेर्पेतुआचे मडके फुटले. नवरदेवाचा धाकटा भाऊ देसिदेरी मोटरसायकल मागे घेत होता आणि मडके तिच्या मागच्या चाकाखाली आले. माणसांपैकी कुणाला काही लागले नाही.

मडके स्वयंपाकाचे नव्हते. ते इन्सिम्बाचे होते. मुलगी माहेरातून निघते तेव्हा बायका दारात गुडघे टेकून बसतात, मडक्याच्या तोंडावर लाकडी तिवई पालथी टेकवतात आणि घासू लागतात. जो आवाज निघतो तो आधी छातीत लागतो आणि मग कानात शिरतो. तो येईपर्यंत नवरी पाय उचलत नाही. लहान मडकी कुणाकडेही मिळतात. खालचा सूर धरणारे मोठे मडके मात्र कटुंदा गावात पेर्पेतुआकडचे एकच वाजवले जाई, आणि त्या दिवशी निघणार होती ती तिचीच मुलगी, ओडिलिया.

चर्चमधला विधी सकाळीच झाला होता. जेवणे उरकली होती. नवरीकडची बिअर तळाला गेली होती. चाला या नवऱ्याच्या गावाहून आलेल्या वऱ्हाडाचा ट्रक झाडाखाली उभा होता आणि ड्रायव्हर दर थोड्या वेळाने आभाळाकडे बघत होता. ओढ्यावरचा लाकडी पूल तो अंधारात ओलांडणार नव्हता. हे त्याने सकाळीच सांगून ठेवले होते.

देसिदेरी खापऱ्या गोळा करत होता, जणू त्या जुळवल्या तर काही होणार होते.

"मावशी, माझ्याकडे स्पीकर आहे," तो म्हणाला. "पूर्ण चार्ज केलेला. यात सगळी गाणी आहेत. इन्सिम्बासुद्धा असेल."

"त्या डब्यात आहे ना?" पेर्पेतुआ म्हणाली. "मग डब्यातच राहू दे."

आतून ओडिलियाचा आवाज आला. "आई, मी अशीच निघते. चालत ट्रकपर्यंत तर जायचंय."

"तू गप्प बस. नवरी बोलत नसते."

"मी बोलत नाहीये, सांगतेय."

दारातल्या बायका हसल्या. पेर्पेतुआ हसली नाही. गेली पंधरा-वीस वर्षे गावातली प्रत्येक मुलगी तिने वाजवलेल्या इन्सिम्बावर निघाली होती. स्वतःची मुलगी आवाजाविना पाठवायची ही गोष्ट तिच्या गळ्याखाली उतरत नव्हती.

तेव्हा म्हाताऱ्या फुल्जेन्सींनी घसा साफ केला. ते ओडिलियाच्या वडिलांचे चुलते. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून ते बसल्या जागेवरून गाव चालवत.

"दुसरं एक मडकं गावात आहे," ते म्हणाले.

हे सगळ्यांना माहीत होते. म्हणूनच आतापर्यंत कुणी बोलले नव्हते.

सात वर्षांपूर्वी कड्याखालच्या गावातली एक कुंभारीण दोन मोठी मडकी घेऊन वर आली होती. एकाच मातीची, एकाच भट्टीतली. पेर्पेतुआने दोन्हींवर बोटे वाजवून पाहिली आणि एक उचलले. उरलेले स्कोलास्टिकाने घेतले. तिथपर्यंत दोघी मैत्रिणी होत्या. एकाच आत्याकडून इन्सिम्बा शिकल्या होत्या. पण दर बाजाराच्या दिवशी पेर्पेतुआ लोकांना सांगू लागली की माझे गाते आणि तिचे भुंकते. स्कोलास्टिकाच्या कानावर हे तीन वेगवेगळ्या तोंडांनी आले. त्यानंतर तिने ते मडके कधी वाजवले नाही. त्यात ती बिअर आंबवू लागली. नाचणीची तिची बिअर गावात एक नंबर मानली जाते. त्यामुळे पेर्पेतुआलाही ती प्यायला मिळाली, पण नेहमी दुसऱ्याच्या हातून.

पेर्पेतुआने डोक्याचा फडका नीट बांधला आणि निघाली. मागोमाग निम्मे लग्न निघाले. फुल्जेन्सींना दोघांनी खुर्चीसकट उचलले.

स्कोलास्टिका लग्नाला आली नव्हती. बिअरवर लक्ष ठेवायचे आहे असा निरोप तिने पाठवला होता, आणि तो खोटा नव्हता. सोमवारी तिच्या शेताचा दिवस होता. पाऊस संपत आला की आमच्याकडे उंच वाढलेले गवत उपटून, त्यावर माती ओढून ढीग घालतात. आतले गवत कुजते, वर घेवडा येतो, आणि पुढच्या पावसाला तेच ढीग मोडून नाचणी पेरतात. एकट्या माणसाचे हे काम नव्हे. गाव एकेक दिवस एकेकाच्या शेतात उतरते आणि शेतकरीण संध्याकाळी बिअर पाजते. स्कोलास्टिकाचा नवरा मोठ्या तळ्यावर मासेमारीच्या होडीवर होता, मुलगे मबेया शहरात. तिच्या वाट्याला सोमवार आला होता. त्यानंतरचा प्रत्येक दिवस दुसऱ्या कुणाच्या तरी नावाचा होता, आणि तेवढ्यात पाऊस गेला तर जमीन विटेसारखी कडक होणार होती. सोमवार हुकला तर यंदाचा घेवडा गेला आणि पुढच्या वर्षीची नाचणीही गेली.

पेर्पेतुआ उंबऱ्याबाहेर थांबली. मग तिने गुडघे टेकले आणि टाळ्या वाजवल्या, सावकाश, तळव्यांचा खोलगट आवाज करत. मोठ्यांसमोर आणि मागणे मागायला आल्यावर वाजवतात तशा. सात वर्षांत तिने या दारात टाळी वाजवली नव्हती.

आतून उलट टाळी आली नाही.

"कोण आहे?"

"मी."

"मी तर इथे आत आहे."

"ओडिलियाची आई."

"अगंबाई! आज ओडिलियाचं लग्न ना? मग तिची आई इथे काय करतेय?"

"मडकं फुटलं."

"कुठलं?"

"तुला माहीत आहे कुठलं."

स्कोलास्टिका दारात आली. हातात ढवळायची लांब काठी होती. तिने पेर्पेतुआकडे पाहिले, मग तिच्यामागे उभ्या असलेल्या निम्म्या लग्नाकडे, मग खुर्चीतल्या फुल्जेन्सींकडे.

"गाणारं फुटलं?"

"हो."

"म्हणजे गावात राहिलं ते भुंकणारं."

कुणीतरी मागे फिसकन हसले आणि लगेच खोकला काढला. पेर्पेतुआ गुडघ्यांवरच होती.

"मी म्हटलं होतं तसं," ती म्हणाली. "मी बोलले होते. आता तोंड घेऊन आलेय, काय करायचं ते कर. पण ओडिलिया तुझ्या मांडीवर वाढलीये."

"माझ्या मांडीवर मुतलीये," स्कोलास्टिका म्हणाली. "आत ये आणि बघ."

मडके भिंतीला टेकून चुलीजवळ उभे होते, वर केळीचे पान. पान उचलताच गोड, आंबूस वास खोलीभर झाला. वर फेस नुकताच धरू लागला होता.

"सोमवारी तयार होईल," स्कोलास्टिका म्हणाली. "आत्ता लेकरालाही चढणार नाही."

"ड्रममध्ये काढू. माझ्या घरी प्लास्टिकचा आहे."

"ज्यात रॉकेल होतं तो?"

"धुतलाय."

"अर्धी आंबलेली बिअर हलवली की ती मेली, हे तुला मी सांगायचं? काढ ड्रममध्ये आणि सोमवारी तूच पी. आणि माझ्या शेतात तूच ढीग घाल, एकटी."

"घालीन."

"तू! गेल्या वर्षी फादरच्या शेतात दोन ढीग घातलेस आणि कंबर धरून बसलीस. मी बघत होते."

बाहेरून ड्रायव्हरने हॉर्न वाजवला.

स्कोलास्टिकाने काठीचे टोक मडक्याच्या अंगावर हलकेच आपटले. भरलेले मडके बद्द वाजले. तिने पुन्हा आपटले आणि मान तिरकी करून ऐकले. पेर्पेतुआने नंतर सांगितले की तेव्हाच तिला कळले. सात वर्षे त्या मडक्यात नुसती बिअर होती, आणि ते कसे वाजते हे त्याच्या मालकिणीलाही माहीत नव्हते.

"मडकं देते," स्कोलास्टिका म्हणाली. ती अंगणात आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली. "पण बिअर ओतायची नाही. प्यायची, आत्ता, इथे. आणि जो पिईल त्याने आपली कुदळ आणून या भिंतीला लावायची. सोमवारी सकाळी शेतात येऊन न्यायची. रिकाम्या हाताने कुणी प्यायचं नाही."

आमच्याकडे आधी ढीग आणि मग बिअरचा तुंबा. पिऊन झाल्यावर घाम गाळायला माणूस येतो, असे कुणी पाहिलेले नव्हते. स्वतः स्कोलास्टिका शेताच्या बांधावर उभी राहून, शेवटची ओळ होईपर्यंत मडक्यावरचे पान उचलू देत नसे.

"हे उलटं आहे," फुल्जेन्सी म्हणाले. "बैलाच्या पुढे... नाही, बैल आमच्या वेळी नव्हतेच. पण उलटं आहे. माझ्या बापाने ऐकलं असतं तर उठून गेला असता."

"तुम्ही नका पिऊ, आजोबा."

"मी पिणार नाही असं कुठे म्हटलं? माझी कुदळ आणा रे कुणीतरी. दाराच्या मागे आहे."

"आजोबा, तुमच्या गुडघ्यांनी तुम्ही कुदळ चालवणार?"

"सोमवारला अजून वेळ आहे," फुल्जेन्सी म्हणाले आणि तुंब्यासाठी हात पुढे केला.

त्यानंतर धावपळ झाली. माणसे घरोघर पळाली आणि कुदळी घेऊन आली. लांब दांड्याच्या, तुटक्या दांड्याच्या, एकीचे पाते झिजून चमच्याएवढे झालेले. स्कोलास्टिकाने ती परत पाठवली. "ही तू गेल्या वर्षीही आणली होतीस. हिने माती खाजवता येते फक्त." चर्चच्या शिक्षकांनी कुदळ आणली ती शेजाऱ्याची निघाली, शेजारी मागोमाग तिचा शोध घेत आला, पण ती शिक्षकांच्या नावावर जमा झाली होती, म्हणून तो दुसरी आणायला परत पळाला. बिअर गोडसर होती, दाण्यांची होती, आणि बहुतेकांना ती भलतीच आवडली. काहींनी पोटावर हात फिरवत शंका व्यक्त केली. त्यांनाही दुसरा तुंबा हवा होता.

प्रश्न चालाच्या वऱ्हाडाचा होता. लग्नाला कुणी कुदळ घेऊन येत नाही.

"मग तुम्ही बघत बसा," स्कोलास्टिका म्हणाली.

"मावशी, असं कसं? आम्ही आता सोयरे झालो."

"सोयरे आहात म्हणून तर बसायला सांगितलं. नाहीतर उभं राहायला सांगितलं असतं."

शेवटी त्यांनी जे अंगावर होते ते ठेवायला सुरुवात केली. एका काकाने हॅट ठेवली. एकाने पट्टा काढला आणि विजार हाताने धरून प्यायला. नवरदेवाच्या मावशीने नवे, टाचेचे बूट काढून भिंतीला लावले आणि सांगितले की असेही ते चावत होते. देसिदेरीने स्पीकर आणून कुदळींच्या मधोमध ठेवला. मडके त्याच्यामुळे फुटले होते, म्हणून स्कोलास्टिकाने त्याला विशेष विचारले.

"सोमवारी येशील?"

"येईन, मावशी."

"चालाहून? सकाळी?"

"मोटरसायकलवर. दहा जणांना घेऊन येईन."

"मोटरसायकलवर दहा जण?"

"मागून ट्रकने, मावशी. ट्रक माझ्या मित्राचा आहे."

ड्रायव्हर त्याचा मित्र नव्हता. त्याने तसे लगेच सांगितले. मग त्यानेही तुंबा मागितला, आणि त्याला नकार मिळाला, कारण तो गाडी चालवणार होता.

मडके रिकामे झाले तेव्हा सूर्य निलगिरीच्या शेंड्याला लागला होता. बायकांनी ते राखेने घासले, गरम पाण्याने विसळले, चुलीवर कोमट केले आणि उचलून पेर्पेतुआच्या दारात आणून ठेवले. पेर्पेतुआने तिवई घेतली. स्कोलास्टिकाने ती तिच्या हातातून काढून घेतली.

"मडकं माझं. वाजवणार मी."

"सात वर्षं तू हात लावला नाहीस."

"म्हणून तर."

तिने गुडघे टेकले, तिवई टेकवली आणि घासली. मडके भुंकले. दुसरा शब्द नाही. कुत्र्यासारखे, एकदा, आणि घोगरे. आधी कुणी हसले नाही. मग आतून, झाकल्या पदराखालून, ओडिलियाच हसली, आणि मग सगळे दार, सगळे अंगण, ट्रकचा ड्रायव्हर. स्कोलास्टिका वर बघेना. तिने तळहात पाण्यात बुडवला, तिवईची कड ओली केली, बसण्याची जागा जराशी बदलली आणि पुन्हा दाब दिला.

या वेळी आवाज छातीत लागला.

लहान मडक्यांवरच्या बायकांनी तो धरला. पेर्पेतुआ मोकळ्या हातांनी उभी होती. आजवर प्रत्येक लग्नात तिचे दोन्ही हात तिवईवर असत आणि डोळे मडक्यावर. मुली कशा निघतात हे तिने कधी पाहिलेच नव्हते, फक्त ऐकवले होते. मग तिने फडका कमरेला खोचला आणि नाचायला लागली, वाईट नाचली, आणि मुलगी उंबऱ्याबाहेर पाय टाकून ट्रकपर्यंत पोचेपर्यंत थांबली नाही. रडणे तिने ट्रक पुलापलीकडे गेल्यावर उरकले. पूल ओलांडताना उजेड होता.

रविवारी गावात एकच विषय होता. पिऊन झालेल्या बिअरसाठी कोण येईल? चर्चच्या पायऱ्यांवर शिक्षकांनी मत दिले की माणसाचा स्वभाव बघता फार कुणी येणार नाही. दुपारनंतर काही जण स्कोलास्टिकाच्या अंगणात सहज डोकावले. एकाला परसातले तण काढायला कुदळ थोडा वेळ हवी होती. एकाची बायको बाळंतपणाला आली होती, आणि त्यासाठी कुदळ कशाला लागते हे तो नीट सांगू शकला नाही. स्कोलास्टिका भिंतीला पाठ लावून, कुदळींच्या मध्ये, घेवडा सोलत बसली होती.

"उद्या," ती प्रत्येकाला म्हणाली. "शेतात."

संध्याकाळी मात्र पेर्पेतुआ आली. ती कुदळ मागायला आली नव्हती, तिची तिथे नव्हतीच. ती बिअर प्यायलीच नव्हती. ती गुडघ्यांवर बसली आणि टाळ्या वाजवल्या. या वेळी आतून उलट टाळी आली.

"कुणी आलं नाही तर?" स्कोलास्टिकाने विचारले.

"तर आपण दोघी."

"तुझी कंबर?"

"कंबर माझ्याकडे आहे. तुझ्याकडे काय आहे? बूट आणि हॅट."

सोमवारी सकाळी पठारावर धुके होते. स्कोलास्टिका उजाडता उजाडता शेतात गेली. कुदळी तिने आदल्या संध्याकाळीच बांधावर आणून ठेवल्या होत्या, आणि शेजारी हॅट, पट्टा, बूट आणि स्पीकर. गवत तिच्या खांद्याला लागत होते. तिने पहिला ढीग घातला, मग दुसरा. धुक्यात कुणी दिसत नव्हते.

तिसऱ्या ढिगाला खोकला ऐकू आला. चर्चचे शिक्षक होते. त्यांनी शेजाऱ्याची कुदळ ओळखली, ती बाजूला ठेवली आणि दुसरी उचलली.

"ती माझी आहे, सर," धुक्यातून कुणीतरी म्हणाले.

मग ते आले. एकदम नाही, एकेक, दोघे दोघे, थोडे ओशाळलेले, जणू रस्ता चुकून इकडे आले. काहींनी आल्या आल्या रिकाम्या बांधाकडे पाहिले. जिथे मडके असते तिथे काही नव्हते. माणसे ओळीत उभी राहिली, कुदळी उचलल्या, पण हात सावकाश चालत होते. पुढे काही नसले की हात तसेच चालतात. फुल्जेन्सींना खुर्चीसकट आणले होते. "मी मोजायला आलोय," ते म्हणाले, आणि कुणी काही मोजायला सांगितले नव्हते.

तेव्हा पेर्पेतुआ बांधावरून आली. डोक्यावर मडके होते, स्कोलास्टिकाचे, रिकामे. मागून दोन बायका तिवया घेऊन. तिने मडके जिथे बिअर असते तिथेच ठेवले, गुडघे टेकले आणि तिवई टेकवली. ढीग घालताना इन्सिम्बा कुणी वाजवत नाही. ते लग्नाचे. फुल्जेन्सी तोंड उघडणार होते. मग त्यांनी ते मिटले आणि पायाने ठेका धरला.

आवाज ओल्या मातीतून आला. पहिली ओळ त्याच्या तालात वर उचलली गेली आणि खाली आली. दुपारपर्यंत निम्म्याहून जास्त शेत ढिगांनी भरले होते, गोल, सारखे, काळे, आणि आतल्या गवताचा कोवळा वास सगळीकडे. कुणीतरी लग्नातली गाणी म्हणायला सुरुवात केली, शब्द बदलून. नव्या शब्दांत देसिदेरीची मोटरसायकल होती.

मधल्या विश्रांतीला स्कोलास्टिकाने घेवडा आणि उकड वाढली. पेर्पेतुआच्या शेजारी बसून ती मडक्याच्या काठावरून बोट फिरवत होती.

"काय म्हणतेस?" तिने विचारले. "गातं का?"

"थोडं भुंकतं."

"थोडं?"

"चांगलं भुंकतं."

ओढ्याकडची पट्टी अजून बाकी होती. तिथे गवत सगळ्यात दाट, आणि तिथलीच जमीन सगळ्यात आधी कडक होते. ज्यांच्या कुदळी होत्या त्यांच्यापैकी काहींना स्वतःची गुरे बांधायला जायचे होते. उद्याचा दिवस शिक्षकांच्या शेताचा होता. बांधावर हॅट, पट्टा, बूट आणि स्पीकर तसेच होते. स्पीकरवर एक टोळ बसला होता.

तीनच्या सुमाराला ओढ्यापलीकडून इंजिनाचा आवाज आला. सगळे थांबले. शिक्षकांच्या मते तो दुधाच्या गाडीचा होता. फुल्जेन्सी म्हणाले ट्रक आहे, आणि पुढे मोटरसायकल आहे. पेर्पेतुआने तिवई उचलून धरली, म्हणजे ऐकता यावे. आवाज पुलापर्यंत आला आणि बंद झाला.

स्कोलास्टिका कुदळ घेऊन शेवटच्या पट्टीत शिरली. पुलाकडून अजून कुणी वर आले नव्हते, तरी तिने पुढचा ढीग घालायला घेतला.